सगळ्यात कमी आवाजाचा ॲम्प

दुकानात जाऊन "यातला सगळ्यात कमी आवाजाचा दाखवा" असं सांगणारं गिऱ्हाईक चिंचवडपासून चाकणपर्यंत एकच झालं असेल, आणि ते म्हणजे माझे दाजी. लोक गिटारीचा ॲम्प घेतात तो चार घरं पलीकडे ऐकू जावं म्हणून. दाजींना तो असा हवा होता की बाहेरच्या खोलीत वाजवलं तर स्वयंपाकघरात कळू नये. हे विचित्र वाटेल, पण त्यांचंही खरं होतं. चऱ्होलीतल्या आमच्या इमारतीत बहुतेक सगळे शिफ्टवाले. नाईट करून आलेला माणूस झोपला की दाराच्या कडीला टॉवेल अडकवायचा, अशी इथली रीत. टॉवेल दिसला की शेजारच्या बायका भांडीसुद्धा जपून ठेवतात. गिटार हातात घेण्याआधी दाजी सगळा जिना चढून टॉवेल बघून येत. एकही टॉवेल नाही असा दिवस मी तरी पाहिलेला नाही. त्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागे पुस्तक घेऊन बसलेला मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं शिक्षण दाजींच्या ओव्हरटाइमवर चाललंय. तरी माझा अभ्यास मोडू नये याची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

दाजी मूळचे उदगीरकडचे. तिकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मग चाकणला पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसवर लागले आणि वाजवणं सुटलं. ते पुन्हा धरायचं ठरल्यावर दर गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आमची दुकानं हिंडणं सुरू झालं. दुकानदार कौतुकानं बटण वर न्यायचा, दाजी ते खाली आणायचे. एकजण म्हणाला, "काका, फुल केल्याशिवाय याची मजा नाही." दाजी म्हणाले, "मग ह्याला आमच्या कंपनीत ठेवा." निगडीच्या दुकानात तर त्यांनी मालकालाच शटरबाहेर पाठवलं. "भाऊ, डोळे मिटून उभं राहा. मी वाजवतो. झोप लागायलीय का सांगा." तो बिचारा खरंच डोळे मिटून उभा राहिला. मी हेडफोन सुचवला, तर म्हणाले, "पाव्हणं, ऑडिटच्या दिवशी कानात बूच घालतो तेवढं बास की." एरवी ते बूच घालत नसत. कान बंद केले तर मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि सायबांनाही ते सोयीचं.

शेवटी चपातीच्या डब्याएवढा एक ॲम्प पसंत पडला. घरी आल्यावर मला पडद्यामागे बसवून ते विचारायचे, "येतोय का आवाज?" मी "थोडा" म्हटलं की बटण खाली. आठवडाभर मोठ्या खुशीत होते. मग कुरकुर सुरू झाली. "खर्ज बरा येतो, बारीक तारेचे सूर येईनात. पीस खराब दिसतो." आम्ही तो बदलून आणला. दुसऱ्यातही तोच दोष. मला तर बारीक तार स्वच्छ ऐकू येत होती. दाजी रोज बटण थोडं थोडं वर नेऊ लागले. एका दुपारी खालच्या मजल्यावरचे भाऊ कडीचा टॉवेल खांद्यावर टाकूनच वर आले. तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "दाजी, तुम्हीसुद्धा?" एवढंच बोलून ते उतरून गेले. दाजींनी बटण पार खाली आणलं.

तेव्हा मला त्यांचीच एक जुनी गंमत आठवली. दरवर्षी कंपनीत कान तपासायला गाडी येते. हेडफोनमध्ये टूं वाजलं की बोट वर करायचं. "वाजायची वाट कशाला बघायची?" दाजी हसत सांगायचे. "बटण दाबताना तपासणाऱ्या बाईचा खांदा हलतो. खांदा हलला की बोट वर." सगळी लाईन एकमेकांकडून हे शिकलेली. कारण नापास झालेल्याला आधी पॅकिंगला टाकतात, ओव्हरटाइम बंद होतो, आणि पुढच्या करारात त्याचं नाव नसतं. ही गंमत ऐकून आम्ही घरातले सगळे पोट धरून हसलो होतो. कंपनीच्या हिशेबी दाजींचे कान उत्तम आहेत. बहुधा रिटायर होईपर्यंत उत्तमच राहतील.

डॉक्टरकडे चला म्हणून मी खूप सांगून पाहिलं. ताईनंही सांगितलं. "ह्याचं शेवटचं वर्ष होऊ द्या," दाजी म्हणाले, "मग कानाचं बघू." माझ्यासाठी, असं ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

ॲम्प आता फळीवर, डब्यांच्या रांगेत असतो. दाजी वायर न जोडता वाजवतात, गिटारीच्या लाकडावर जबडा दाबून, डोळे मिटून. तसं धरलं की बारीक तार हाडातून येते म्हणतात. सगळीच येत नाही, थोडी येते. पडद्यामागे मला नखाची नुसती खरखर ऐकू येते. मधेच थांबून ते सवयीनं विचारतात, "येतोय का आवाज?" मी पडदा सारून त्यांच्यासमोर येतो आणि मान हलवून नाही म्हणतो. पडद्यामागूनच उत्तर दिलेलं त्यांना हल्ली कळत नाही. मग ते समाधानानं पुन्हा जबडा टेकवतात.