चाकात बसल्यावर हब बोलत नाही

आमच्या गटाचा नियम असा होता, की महिन्यातून एकदा ज्याची पाळी असेल त्याच्या कारखान्यात सगळ्यांनी जमायचं, त्याला मधल्या खुर्चीत बसवायचं आणि तासभर फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. जो देईल त्याने शेवटी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. कोल्हापूरच्या माणसाला सल्ला न देता तासभर बसवणं म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्याशेजारी ध्यानाला बसवणं. पहिले काही महिने मोरीवर गर्दी असायची.

आम्ही सात उद्योजक होतो. हा शब्द आम्हाला पुण्याहून येणाऱ्या सरांनी दिला. तोवर आम्ही कारखानदार होतो, किंवा घरच्यांच्या मते, कधी वेळेवर न जेवणारे. सर आमचे मार्गदर्शक. पहिली बैठक राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर झाली. खाली मुलं सूत्रं घोकत होती आणि वर आम्ही टक्कल पडलेली माणसं 'माझं पाच वर्षांनंतरचं चित्र' या मथळ्याखाली कागद भरत होतो. खालच्यांना निदान परीक्षा कधी आहे हे माहीत होतं.

तरी मी गेलो, आणि जात राहिलो. थट्टा बाजूला ठेवली तर त्या गटात शिकण्यासारखं होतं. आजऱ्याहून येणारे अण्णा काजूचा कारखाना चालवायचे. जैन घरातले, बोलायला थोडे आणि ऐकायला पक्के. त्यांच्याकडून मी माल ठेवायची शिस्त शिकलो. उचगावच्या ताई शाळांचे गणवेश शिवायच्या. शिलाई मशिनं दोनावरून पन्नासावर नेली होती. त्यांच्याकडून मी काय शिकलो ते पुढे येईलच.

गटातली खरी गंमत अशी, की प्रत्येक जण खुर्चीत बसताना दाखवायची अडचण वेगळी घेऊन यायचा. खरी घरी ठेवून. दाखवायची अडचण नेहमी जराशी मिरवता येईल अशी असायची: 'ऑर्डरी इतक्या आहेत, की जागा पुरत नाही.' मीही माझी तयार ठेवली होती. 'दुसरी भट्टी टाकू का?' खरी अडचण मी घरी पुस्तकांच्या कपाटात एका जाडजूड ग्रंथात घडी घालून ठेवली होती. आमच्या घरात तो ग्रंथ दुसरं कोणी उघडणार नाही याची मला खात्री होती.

तो कानांच्या तपासणीचा कागद होता.

माझा ओतकामाचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. आम्ही मुख्यतः ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हब ओततो. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा तो जाड लोखंडी तुकडा, ज्यावर सगळा भार येतो. भट्टीतून लोखंडाचा रस काढला की त्यात मॅग्नेशियम घालतात, त्यानं लोखंडाला चिवटपणा येतो. पण तो टिकतो थोडा वेळ. ओतायला उशीर झाला तर शेवटच्या साच्यांत पडलेल्या लोखंडात जीव राहत नाही. वरून दोन्ही नग सारखेच दिसतात. फरक आवाजात. तारेला टांगून हातोडी मारली की चांगला नग देवळातल्या घंटेसारखा लांबत जातो. बिघडलेला बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

प्रयोगशाळेची तपासणी असते, पण ती आम्ही प्रत्येक ओतीतल्या, म्हणजे एका वेळी ओतलेल्या मालातल्या, एकाच नगाची करायचो. बाकीचे वडील स्वतः वाजवायचे आणि पास झाल्यावर खडूची खूण करायचे. त्यांच्यानंतर मी. त्या हातोडीला कारखान्यात कोणी हात लावत नसे. सरांना हे कळलं तेव्हा ते भारावून गेले. 'हीच तुमची ओळख!' म्हणाले, आणि महिन्याभरात फाटकाशी फलक लागला: मी, हातोडी, मान तिरकी, डोळे मिटलेले, एखाद्या गवयासारखा. खाली ओळ: 'प्रत्येक नग मालक स्वतः ऐकतात.'

फलक लागला तेव्हा मला ऐकू येणं कमी झालं होतं. बोलणं येत होतं. ट्रकचा हॉर्न येत होता. पण हातोडी मारल्यावर उठणारी ती बारीक, लांबत जाणारी धार नाहीशी झाली होती. डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. आजऱ्याकडून घाट उतरावा तशी ती खाली गेली होती. 'भट्टीजवळ, घणांत आयुष्य काढलंत, दुसरं काय होणार,' ते म्हणाले. यंत्र लावायला सांगितलं. मी म्हटलं, बघू. फलकावरच्या माणसाला कानात यंत्र शोभलं नसतं.

मग मी काय केलं ते लिहायला हवं. मला सगळेच नग सारखे वाजायला लागले. सगळे नापास करावेत तर कारखाना बंद. म्हणून मी सगळे पास केले. रोज सकाळी मान तिरकी करून, डोळे मिटून, खडूची खूण.

त्यात उसाचा हंगाम सुरू झाला. ज्याने आमच्याकडचा हंगाम पाहिलेला नाही त्याला सांगतो: एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर घराच्या उंचीचा ऊस, आणि शेजारून शाळेला निघालेल्या सायकली. पूर्वी मला त्यातला वास आवडायचा. आता मी फक्त चाकं बघायचो. एखादी ट्रॉली खड्ड्यात आदळून एका अंगाला झुकली की ती सरळ होईपर्यंत माझा पाय ब्रेकवरच असायचा. बायको शेजारी बसलेली असली की म्हणायची, 'ओलांडून घ्या की, किती वेळ मागं मागं जाणार?' मी ओलांडत नसे. शेजारून जायची हिंमत नव्हती आणि त्या ट्रॉलीला एकटी सोडायचीही नव्हती.

अशा दिवसांत माझी पाळी आली.

सकाळी सगळे आले. सरांनी फलकाशेजारी सगळ्यांचा फोटो काढला. मी कारखाना दाखवला, दुसऱ्या भट्टीची जागा दाखवली, हात रुंद करून. आमचे मिस्त्री बरोबर होते. वडिलांच्या काळापासूनचे, भट्टी आणि ओतणं त्यांच्या हातात. चालता चालता अण्णा मागे राहिले. तारेला टांगलेल्या नगांजवळ उभे राहून त्यांनी हातोडी उचलली, मला न विचारता. काजू पारखणारा माणूस; हाताला लागलं ते वाजवून, चावून बघायची सवय.

एकाला मारली. दुसऱ्याला मारली. मग परत पहिल्याला.

'ह्ये वाजतंय,' ते म्हणाले. 'ह्ये न्हाय वाजत की.'

मला दोन्ही ठोके ऐकू आले. अगदी सारखे.

मिस्त्री लगबगीनं पुढे झाले. 'त्ये बाजूला काढायचंच हाय, अण्णा. असूंदे.'

ताई वाकून बघत होत्या. 'बाजूला कसं? यावर तर खडूची खूण आहे.'

सर म्हणाले, 'चला, आपण खुर्चीकडे जाऊ या.'

खुर्ची म्हणजे माझ्याच ऑफिसातली, रोजची. त्या दिवशी ती उंच वाटली. मी माझी दाखवायची अडचण मांडली: मागणी, जागा, दुसरी भट्टी. आकडे नीट होते. एक-दोघांनी शहाण्यासारखे प्रश्न विचारले. मग ताईंनी हात वर केला.

'दोन भट्ट्या झाल्या, की नग दुप्पट. वाजवणार कोण?'

'मीच.'

'आता तुम्ही गावाला गेला की कोण वाजवतं?'

'मी जात नाही.'

'दादा,' त्या म्हणाल्या, अगदी हळू, पण ते मला स्वच्छ ऐकू आलं, 'मघाशी अण्णांनी मारली तेव्हा तुम्ही नगाकडे बघत नव्हता. आमच्या तोंडाकडे बघत होता. का?'

बायकांना असले प्रश्न कोण शिकवतं मला माहीत नाही. पुण्याचे सर नक्कीच नाहीत. मी दुसऱ्या भट्टीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सांगून टाकलं. कागद, घाट उतरणारी रेघ, सगळं.

सर म्हणाले, 'हा फार मोठा क्षण आहे. आपण सगळ्यांनी एक मिनिट डोळे मिटून...'

'डोळं मिटूनच ह्ये झालंय,' अण्णा म्हणाले. 'सर, जरा गप बसा. मिस्त्रींना बोलवा.'

मिस्त्री दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

'मला म्हाईत हाय, मालक. आठ म्हयनं झालं. तुमी खूण केली की तुमी गेल्यावर मी परत वाजवतो. बद्द असलं की भट्टीत टाकतो. आजचं तेवढं राहिलं, पावणं येणार म्हणून सकाळी सवडच न्हाय मिळाली.'

आठ महिने घाबरलो होतो ते फुकटच. मला हसू आलं, रागही आला. 'मग बोलला का नाहीस?'

'काय बोलायचं? थोरल्या मालकांचा कान त्यो. त्यावर बोट कसं ठिवायचं? आणि फाटकावर तुमचा येवढा फोटू.'

मी खुर्चीतून उठायला लागलो. मला वाटलं, झालं. ताई उठल्या नव्हत्या.

'मिस्त्री, या आठ महिन्यांत तुम्ही रजेवर कधी होता?'

मिस्त्रींनी टोपी चुरगाळली. 'पोरीच्या लग्नाला. आठ दिस.'

'तेव्हा ओतलं कोणी?'

'बदली माणूस व्हता. जरा सावकाश वततो.'

सावकाश. मी परत खाली बसलो. ते आठ दिवस हंगामाच्या तोंडावरचे होते. त्या दिवसांतला सगळा माल ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेला होता, प्रत्येक नगावर माझी खूण घेऊन. आणि आता ट्रॉल्या रस्त्यावर होत्या.

त्या बैठकीत सल्ला कोणीच दिला नाही. अण्णांनी माझा फोन उचलून माझ्या हातात दिला, एवढंच.

ट्रॉली बनवणारा माणूस मोठ्या आवाजात बोलणारा, रांगडा. तासाभरानं आम्ही त्याच्या आवारात उभे होतो. मी, मिस्त्री, अण्णा, ताई. तो म्हणाला, 'आपणहून माल परत मागाय आलेला पहिलाच माणूस बघतोय. एक तर लई इमानदार, न्हायतर लई मोठा घोळ.'

'दुसरं,' मी म्हणालो.

प्रत्येक हबवर ओतल्या दिवसाची खूण असते. त्या आठ दिवसांतले काही हब त्याच्याकडे तसेच पडून होते. ते एकेक टांगले. मिस्त्री आणि अण्णा आळीपाळीनं मारत होते आणि मी तोंडं वाचत होतो. चांगला वाजला की अण्णांच्या भुवया सैल पडायच्या. तीनदा पडल्या नाहीत. तिसऱ्या वेळी ताईंनी पदर तोंडाला लावला. शिल्लक मालात तीन, तर बसवलेल्या मालात किती?

बसवलेला वाजवून बघता येत नाही. चाकात बसल्यावर हब बोलत नाही. टायर सगळा आवाज गिळतो. म्हणजे प्रत्येक ट्रॉली शोधून चाक उतरवणं आलं. अकरा ट्रॉल्या होत्या. वहीतून नावं काढून त्या माणसाने स्वतः फोन लावले. मध्येच माझ्याकडे बघून शिव्या दिल्या, त्या मला व्यवस्थित ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दहा ट्रॉल्या थांबल्या होत्या. काही साखर कारखान्याच्या रांगेत, उसासकट. एक चालक म्हणाला, 'पावणं, आत्ता उतरू? माज्या नंबराची पाळी जाईल की.' ताईंनी सांगितलं, 'पाळी परत येते, दादा.' तो उतरला.

अकरावी ट्रॉली सापडत नव्हती. आजऱ्याच्या बाजूला विकली होती, मालकाचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी अण्णा पहाटेच तिकडे गेले. ती सकाळ मी फोन हातात धरून काढली. तो वाजला तर ऐकू येणार नाही अशी भीती वाटून कंप पावण्यावर ठेवला होता आणि मुठीत आवळला होता. बायकोने समोर नाश्ता ठेवला. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिने ग्रंथातला कागद काढून टेबलावर सरळ करून ठेवला होता. तो तिला कधीच सापडला होता, असं ती त्या वेळी म्हणाली.

दहाच्या सुमारास मूठ थरथरली.

'सापडली,' अण्णा म्हणाले. 'भरून निघालीती. उतारावर आडवी गाडी घातली. चालक लई बोलला मला.'

'बरोबर बोलला,' मी म्हणालो.

संध्याकाळी अण्णांनी त्या ट्रॉलीच्या चाकातून उतरवलेला हब आपल्या गाडीच्या डिकीतून आणला. मिस्त्रींनी तारेला टांगला. मी फडताळातून हातोडी काढली, वडिलांच्या हातानं मुठीशी गुळगुळीत झालेली, आणि मिस्त्रींपुढे धरली. त्यांनी आधी घेतली नाही. मग टोपी काढली, घेतली, आणि मारली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी हातोडी खाली केली आणि परत मारलीच नाही. अण्णा खाली बघत होते.

'उतार केवढा होता?' मी विचारलं.

'न्हाय सांगत,' अण्णा म्हणाले.

फलक दुसऱ्या दिवशी उतरवला. आता प्रयोगशाळेत प्रत्येक ओतीचा शेवटचा नगही जातो, हातोडी मिस्त्रींच्या आणि आणखी दोघांच्या हातात असते, आणि कोणी रजेवर गेला तर त्याचं नाव फळ्यावर लिहिलेलं असतं. सर याला 'सिस्टीम' म्हणतात आणि दुसऱ्या गटांना माझं उदाहरण देतात, असं कळलं. दुसरी भट्टी मी टाकलेली नाही. माझ्या कानात यंत्र आहे. त्यातून घंटेची ती धार येते, पण पत्र्यासारखी, दुरून; तिच्यावर मी खूण करणार नाही.

त्या बैठकीचे कप कोणी विसळायचे हे ठरलं नव्हतं, ते मी विसळले. हंगामात उसाची ट्रॉली पुढे असली तर अजूनही मी ओलांडत नाही. बायको आता काही म्हणत नाही. तीही चाकांकडे बघत बसते.