किंचित फाटणारा आवाज

गाण्याच्या सामन्यात गायकाला विचार करायला वेळ लागतो. समोरच्या पार्टीने गाण्यातून सवाल टाकला की त्याच चालीत जवाब द्यायचा, आणि तो घरून लिहून आणता येत नाही. गायक एक हात कानावर ठेवून शब्द जुळवतो. तेवढा वेळ मैदान धरून ठेवायचं काम वाद्याचं. वाद्य कमी पडलं की लोक चुळबुळ करतात, मागच्या बाजूने शिट्ट्या येतात आणि घाईत दिलेला जवाब पडतो.

नाशिक रोडला आमच्या वसाहतीत जी गायन पार्टी होती, तिच्यात हे काम माझ्या वहिनींकडे होतं. त्या गिटार वाजवत. गिटार मांडीवर आडवी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारांवरून सरकवली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जाई. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत, वडिलांच्या शेजारी राहणाऱ्या एका बाईंकडून त्या हे शिकल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सामानात भांडी कमी आणि गिटार होती, असं आमच्या आई बरीच वर्षं सांगत. वहिनी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत, म्हणून सगळी वसाहत त्यांना बाई म्हणे.

पार्टीचे प्रमुख दादा; आमच्या नात्यातले नव्हेत, सगळी वसाहतच त्यांना दादा म्हणे. ते छापखान्यात नोकरीला होते; पार्टीत गात आणि पेटी वाजवत. आवाज मोठा, स्वभाव सरळ, मत एकदा झालं की हलत नसे. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आसपासच्या सगळ्या पार्ट्यांत विजेवरचा बेंजो आला होता. बेंजोवर एकाच सुरावर टिपऱ्यांसारखी झड लावता येते, त्यामुळे तो मैदानाच्या टोकाला ऐकू जातो. वहिनींची गिटार मंडपाच्या भोंग्यातून पुढच्या चार रांगांपलीकडे जात नव्हती.

दादांनी हे त्यांना तोंडावर सांगितलं. "बाई, तुमची गिटार गोड हाय. पण गोड ऐकायला माणसाला जवळ बसावं लागतं. आपलं मैदान लांब हाय."

"मग मैदानाएवढा आवाज करू."

"कसा करणार? बेंजोवाला मी बघून ठेवलाय. देवळालीचा. पोरगा चांगला हाय."

त्यावर ठरलं ते असं. गिटारसाठी वेगळा अँप्लिफायर घ्यायचा आणि तो बाईंनीच निवडायचा. चौदा एप्रिलला जयंतीच्या सामन्यात गिटारने मैदान धरलं तर ठीक. नाहीतर त्यांच्या जागेवर बेंजो बसेल. दादा म्हणाले, "मग तुम्ही कोरसमध्ये या. आवाज बरा हाय तुमचा." वहिनींना या वाक्याचा जेवढा राग आला, तेवढा आधीच्या कुठल्याच वाक्याचा आला नव्हता.

नाशिक शहरात, भद्रकाली भागात लाऊडस्पीकर भाड्याने देणारं एक दुकान होतं. तिथे जुने अँप्लिफायर विकायलाही असत. रविवारी सकाळी वहिनी गिटार घेऊन तिथे गेल्या. गिटारचं ओझं होतं म्हणून बरोबर मी. दुकानदाराने आधी नवा ट्रान्झिस्टरचा पुढे केला. चंदेरी पत्रा, छोटा, हलका. गिटार जोडली. आवाज मोठा आणि स्वच्छ निघाला. रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून आत बघू लागला.

वहिनींनी मधली एक तार छेडली, कांडी वर सरकवली आणि हात तसाच ठेवून ऐकत राहिल्या. सूर मोठा आला आणि लगेच विरून गेला. त्यांनी पुन्हा छेडलं. पुन्हा तसंच.

"आणखी मोठा करू का ताई?" दुकानदाराने विचारलं.

"मोठा आहे. टिकत नाही."

"गिटारची तारच तेवढी टिकते. त्याला अँप्लिफायर काय करणार?"

कोपऱ्यात गोणपाटावर दुसरा एक ठेवलेला होता. लोखंडी, हिरवट रंगाचा, वरच्या जाळीतून आतले काचेचे व्हॉल्व्ह दिसत. वणीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्याचा हा अँप्लिफायर. तंबू बंद पडल्यावर मालकाने इथे आणून टाकला होता. वहिनींनी तो लावायला सांगितला. दुकानदाराने काचकूच केली, मग लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे थांबले. त्याला दोन भोकं होती, एक माइकचं आणि एक ग्रामोफोनचं. गिटारच्या वायरची पिन माइकच्या भोकात बसली.

कमी आवाजात दोन्हींत फारसा फरक नव्हता. वहिनींनी बटण हळूहळू पुढे नेलं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर सुराच्या कडा खरबरीत झाल्या. दुकानदार घाईने पुढे आला. "तिथं नका नेऊ ताई, तिथं फाटतो. म्हणून तर कोणी घेत नाही. सिनेमावाला पण अर्ध्यावरच ठेवायचा."

"हात काढा."

त्यांनी तीच तार छेडली. या वेळी सूर विरला नाही. कडा फाटलेल्या, पण मधला भाग भरीव. कांडी वर जाईल तसा तोही न तुटता वर जात होता. पार्टीतल्या कुठल्याही चांगल्या गायकाचा गळा वरच्या पट्टीत असाच वाजतो. त्याला कोणी बिघाड म्हणत नाही. लोक तिथेच टाळी देतात. वहिनींनी बटण आणखी पुढे नेलं. आवाज पार फाटला, सुरांची ओळख पटेना. मग मागे घेतलं. पुन्हा स्वच्छ झाला, पुन्हा विरू लागला. बराच वेळ त्या एवढ्याशा अंतरात पुढेमागे करत राहिल्या. शेवटी पर्समधून खडू काढला आणि बटणाशेजारी पत्र्यावर एक रेघ ओढली.

"हा द्या."

"ताई, नंतर परत आणू नका," दुकानदार म्हणाला. "हे भाऊ साक्षीला आहेत."

तालमीत दादांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. "फसवलं तुम्हाला भद्रकालीवाल्यानं. फाटतोय की हा."

"तसाच हवा आहे, दादा."

"लोक म्हणतील, फाटका अँप्लिफायर आणला. लाऊडस्पीकरवाला हसेल आपल्याला."

"हसू दे. मैदान धरलं की झालं."

आमच्याकडे मंडपात आवाज फाटला की ऑपरेटरचा हात आपोआप बटणाकडे जातो. फाटणं म्हणजे बिघाड, आणि बिघाड म्हणजे पार्टीची अब्रू. सगळ्यांची सवय तीच होती. त्यामुळे पुढे जे झालं त्यात वाईट हेतू नव्हता.

जयंतीच्या आदल्या दिवशी वहिनी शाळेत असताना दादांनी अँप्लिफायर सायकलच्या कॅरियरला बांधला आणि ओळखीच्या मेकॅनिककडे नेला. मेकॅनिकला चूक लगेच सापडली. गिटार माइकच्या भोकात लावत होते. माइकचा आवाज मुळात बारीक असतो, म्हणून ते भोक तो खूप वाढवतं. गिटारचा जोर त्याला झेपत नाही आणि आवाज फाटतो. त्याने गिटारच्या वायरची पिनच बदलली. नवी जाड पिन फक्त ग्रामोफोनच्या भोकात जाई. जाताजाता पत्राही पुसून चकचकीत करून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांनी तो परस्पर स्टेजवर आणून ठेवला. चाळींच्या मधलं मैदान भरलं होतं. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. समोरची पार्टी मनमाडची, म्हणजे वहिनींच्या माहेरची. स्टेजच्या कडेला देवळालीचा बेंजोवाला कापडात गुंडाळलेला बेंजो मांडीवर घेऊन बसला होता. मी वर्तमानपत्रासाठी बातमी घ्यायला पुढच्या रांगेत होतो.

वहिनी बसल्या आणि त्यांना आधी दिसलं ते हे, की खडूची रेघ नव्हती. त्यांनी तार छेडली.

"नीट करून आणला, बाई," दादा हसत म्हणाले. "आता काच हाय, काच."

"दादा, तो नीटच होता."

बोलायला वेळ राहिला नाही. मनमाडकरांनी पहिला सवाल टाकला. दादांनी कानावर हात ठेवला आणि गिटार सुरू झाली. स्वच्छ सूर येत होते आणि एकेक करून विरत होते. दोन सुरांमधल्या रिकाम्या जागेत मागच्या लोकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. एक शिट्टी आली. दादांनी घाईने जवाब दिला, तो पडला. मनमाडच्या गायकाने माइकवर विचारलं, "काय ओ नाशिक रोड, आमची लेक उपाशी ठेवता का? गिटार आवाज देईना तिची!" मैदान हसलं. बेंजोवाल्याने कापडाची गाठ सोडली.

मनमाडकरांचा दुसरा सवाल सुरू झाला होता. वहिनींनी वायर उपसून पिन हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि दादांकडे वळल्या.

"पेटीचा माइक काढा. त्याची पिन मला हवी."

"आन् पेटी?"

"पेटी राहू दे."

"पेटी ऐकू नाही आली तर मी सूर कुणाकडनं घेऊ?"

"माझ्याकडून."

दादांनी एकदा बेंजोवाल्याकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे. त्या माणसाचं मोठेपण मी तिथे पाहिलं. पेटीच्या पट्ट्या आवळायला ते खिशात लहान स्क्रू ड्रायव्हर ठेवत. त्यांनी आपल्याच पेटीच्या माइकची वायर ओढली, पिनेचे स्क्रू सैल केले, गिटारच्या वायरची नवी पिन दातांनी तोडून तारा पिळून आत घातल्या. हात हे करत असताना कान समोरच्या सवालावर होता. ओठ हलत होते. पिन माइकच्या भोकात गेली तेव्हा मनमाडचा सवाल संपत होता. वहिनींनी बटण फिरवलं. रेघ नव्हती, तरी हात तिथेच थांबला.

सूर आला तो वरच्या पट्टीतच आला. किंचित फाटलेला, भरलेला, कांडीबरोबर चढत जाणारा, आणि पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचला तरी न संपणारा. ऑपरेटरचा हात सवयीने पुढे आला. दादा त्याच्यावर ओरडले, "हात लावू नको!" मैदानातली बडबड थांबली. वहिनींनी तोच सूर सोडला, खालून पुन्हा धरला आणि सावकाश वर नेला. दादांनी कानावर हात ठेवला. या वेळी त्यांना घाई नव्हती. त्यांनी घेतला तेवढा वेळ कुठल्याही सामन्यात गायकाला मिळालेला मी नंतर पाहिला नाही. जवाब आला तेव्हा मनमाडच्या ढोलकीवाल्यानेच आधी दाद दिली.

बेंजोवाल्याने कापडाची गाठ परत बांधली.

सामना संपल्यावर दादा पेटीवर हात ठेवून बसले होते. "एवढा वेळ पेटी वाजवली," ते म्हणाले, "एकाला पत्ता नाही."

वहिनी कांडी पदराने पुसत होत्या. "मी तीन वर्षं तशीच वाजवली, दादा."

दादांनी गिटार उचलून वहिनींच्या खांद्याला लावून दिली आणि हिरवा अँप्लिफायर स्वतःच्या सायकलला बांधला. तेवढ्यात बेंजोवाला पुढे आला.

"बाई, ह्याचं ते दुसरं भोक रिकामंच हाय ना? बेंजो लावला तर?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "पण तिथं आवाज स्वच्छ येतो. चालेल का तुला?"

"न्हाई चालणार," तो म्हणाला, आणि दादाच आधी हसले.