ड्रोनला लावलेलं कुंकू

माझी फजिती दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते बाई!

सौंसरला ड्रोन चालवायला शिकले, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. फवारणीचा ड्रोन आला तसे त्याचे चार पंखे मी जोडले आणि तिगावच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात आळीतली सगळी माणसं गोळा केली. शेजारचे रामरावभाऊजी तर जामसावळीचं दर्शन आटोपून थेट तिथेच आले. आज ड्रोन उडाला, तर त्यांच्या बगिच्याची फवारणी मला मिळणार होती!

मग काय, माझं भाषण सुरू. "याले काही सांगा लागत नाही भाऊजी! कोणता पंखा कुठं बसला, आपोआप ओळखते!"

खरं सांगू? अगदी आपोआप नाही. मोबाईलवर ओळख सुरू करायची, मग स्क्रीन सांगेल त्या क्रमाने एकेक पंखा हाताने फिरवायचा. मशीन टूं करतं आणि लक्षात ठेवतं, हा पहिला, हा दुसरा. पण एवढं गावाला कशाला सांगायचं?

मी ओळख सुरू केली, तोच सासूबाई ओरडल्या, "अवं थांब! पूजा नाही, नारळ नाही, अन् चालली उडवाले!"

मोबाईल ठेवून मी करंडा घेतला. प्रदक्षिणा घालत, एकेका पंख्याचं पातं ओढून कुंकू लावलं. दरवेळी मशीन म्हणालं, टूं!

"पाहा! पूजा पावून राहिली त्याले!"

असं म्हणत सासूबाईंनी हात जोडले. स्क्रीनवर आलं, चारही पंखे ओळखले. मी काही न करता! केवढं हुशार मशीन!

नारळ फुटला. मी बटण दाबलं. ड्रोन वीतभर उठला आणि जो उलटा झाला! दोन पाती मोडली, टाकीतलं पाणी भाऊजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर! औषध भरलं नव्हतं, तेवढंच नशीब.

मी तावातावाने ड्रोन कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला, तोही स्पीकरवर. "असं खराब मशीन देता का?"

"मॅडम, मशीन चांगलं आहे. ते पुढच्या पंख्याला मागचा समजून राहिलं. ओळख चालू असताना क्रम सोडून पंखे कोणी फिरवले?"

सगळ्यांनी माझ्या लाल बोटाकडे पाहिलं.

भाऊजी सदरा पिळत म्हणाले, "वहिनी, मशीन हुशार आहे, पटलं. नवी पाती लावा, अन् पाठवा माह्या बगिच्यात."

माझा जीव भांड्यात पडला. "किती वाजता येऊ भाऊजी?"

"तुम्ही काऊन येता? ते आपोआप करते ना? त्याले एकटंच पाठवा!"