कोरीटचे आप्पा

"रंग येवू दे, मंग बोल." आमच्या नंदुरबारच्या लॅबमध्ये आप्पा हे सगळ्यांनाच म्हणायचे. रिपोर्टची घाई करणाऱ्या डॉक्टरांना, नातेवाइकांना, मला.

मेणात बसवलेले गाठींचे तुकडे कापून काचेवर घेणं हे आम्हा दोघांचं काम. लाळेच्या ग्रंथींच्या गाठी मोठ्या फसव्या. नेहमीच्या रंगात साधी आणि वाईट गाठ कधी कधी सारखीच दिसते. मग तिच्यातली प्रथिनं शोधणारे मार्कर लावावे लागतात. प्रथिन असलं तर तपकिरी रंग उमटतो. ती सोय आमच्याकडे नाही, म्हणून तुकड्याचा तो मेणाचा ठोकळा, ब्लॉक, सुरतला जातो.

म्हसावदच्या एका बाईचा ब्लॉक असाच गेला. तिचा नवरा रोज येऊन दारात बसायचा. रिपोर्ट आला, डॉक्टरांनी वाचला, आणि आप्पा धावतच बाहेर गेले. "साधी शे. जेवा आते." तो माणूस रडायला लागला, तर आप्पा त्याच्यावरच ओरडले.

स्वतःच्या कानापुढची गाठ मात्र त्यांनी कोणाला दाखवली नाही. एकदा चहा ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला. ते हसले. हसू एकाच बाजूला आलं. वाईट गाठच चेहऱ्याची नस अशी धरते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही माझ्यासारखंच खाली बघितलं असतंत.

शेवटी डॉक्टरांनी तपासायला घेतलेला त्यांच्या गाठीचा तुकडा आमच्याकडेच आला.

"आप्पा, मी कापते."

"तू जाड कापस. दे इकडे."

त्यांनी स्वतःच पातळ काप घेतले. मार्करसाठी ब्लॉक सुरतला गेला, त्यावरचा नंबरही त्यांनीच लिहिला. रिपोर्टसोबत काचा परत आल्या. गाठ वाईट होती. आप्पांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, बराच वेळ बघितली.

"रंग मस्त उना शे," म्हणाले.

मी "हो, मस्त आलाय" म्हटलं आणि पुढचा ब्लॉक लावला. मला काहीच वाटलं नाही. अजूनही नीट काही वाटत नाही.

ऑपरेशन झालं, पण गाठ परत आली. ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मी कोरीटला त्यांच्या घरी गेले होते. ओसरीत खाटेवर पडलेले. अर्धा चेहरा मेलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा टक्क उघडा. मी त्या डोळ्याकडे बघत लॅबमधलं सगळं सांगत राहिले. नवीन मशीन, नवीन डॉक्टर.

काकू डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आल्या. "झोपेल शेतस ते," हळूच म्हणाल्या. "तो डोया मिटसच नही."

आप्पांची झोप न मोडता त्यांनी त्या उघड्या डोळ्यात थेंब टाकला. तो गालावरून खाली आला. मी पदराने टिपला.