माझ्या चित्रातला दुसरा सारस

माझ्या साक्षगंधाची पत्रिका मी स्वतः काढली, असं मोहाडीत अजूनही कौतुकाने सांगतात. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. बाजारात कुणी भेटलं की म्हणतं, "काय चित्र होतं बाई तुहं!" आधी मी समजावत बसायचे की चित्र माझं होतं, पत्रिका माझी नव्हती. लोकांना त्यातला फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो ते विषय बदलतात. आता मी नुसती हसते.

आमचं घर विणकरांचं. हातमाग एकच उरलाय, बाकी बाबांचं आणि दादाचं साडीचं दुकान. मागच्या खोलीत त्या मागाशेजारी बसून मी टॅबवर चित्रं काढायचे. टॅब शिकवण्या घेऊन स्वतः घेतलेला, त्यामुळे त्यावर कुणाची दादागिरी चालत नव्हती. पुण्यातल्या एका कॉलेजात असली चित्रं शिकवतात असं कळलं, तेव्हा मी अर्ज केला. त्यांनी विषय दिला: आपल्या भागातल्या झाडापाखरांतून स्वातंत्र्य दाखवा.

मला विचार करावाच लागला नाही. दिघोरी हे आईचं माहेर. तिथे मामाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरलेलं असताना, लहानपणी आईनेच मला सारस दाखवला होता. सारस बसल्या जागेवरून भुर्रकन उडत नाही. पाखरू जड. आधी तो चिखलातून धावतो, पाय आपटतो, पंख झाडतो. बघणाऱ्याला वाटतं, याला काही जमायचं नाही. आणि मग उचलला जातो. मला ते धावणंच काढायचं होतं.

मी तलावाची पाळ काढली, पाळीवर फुललेला पळस, पाण्यात शिंगाड्याचे वेल, आणि उजव्या कडेला, जवळजवळ चौकटीबाहेर निघालेला एकटा सारस, एक पाय अजून पाण्यात. तो पाय काही केल्या जमेना. काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. पळस फुलतो तेव्हा बांधीत सारस धावण्याइतकं पाणी नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण चित्र माझं होतं, त्यातले ऋतू मी ठरवणार होते.

चित्र सगळ्यात आधी आईला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "एकटाच काहून काढला? सारस जोडीनं राह्यते."

तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात पदरावर पाखरू विणायचं तर चोचीला चोच लावून, जोडीनेच. एकट्या पाखराची साडी लग्नघरी कुणी नेत नाही.

"हा लग्नाले नाई चालला आई," मी म्हटलं. "पुण्याले चालला."

ती हसली. मीही हसले. किती छान हसलो होतो आम्ही दोघी.

पुण्याचं फक्त तिलाच माहीत होतं. आमच्याकडे मुलगी असल्या गोष्टी बापाशी थेट बोलत नाही. त्यासाठी आई असते. बापाचा निरोप ती मुलीकडे आणते, मुलीचा बापाकडे नेते, मागावरचा धोटा या काठावरून त्या काठाला जातो तशी. त्याच सुमारास कोंढ्याचं एक स्थळ आलं. मंडळी बघून गेली. बाबांचा निरोप आईने मला आणून दिला: पोरीच्या मनात असेल तरच पुढे बोलतो. मी उलट निरोप दिला: मनात नाही, मला पुण्याला जायचंय.

"बरोबर सांगीन मी त्याहीले," आई म्हणाली. "तू मधात पडू नको, भडकतीन ते."

पुढे कॉलेजात माझी निवड झाली. आईने माझ्या तोंडात साखर घातली. ते चित्र मामाला दाखवते म्हणून स्वतःच्या फोनवर मागून घेतलं. मग म्हणाली, "जाऊन ये मामाकडे. एकडाव पुण्याले गेली का कायचं येणं होते तुहं?" मला वाटलं, तिला वाईट वाटतंय. मी तिच्या गळ्यात पडले.

दिघोरीला मामाच्या ओसरीत बसले होते. मामी लाखोळीची डाळ निवडत होती. फोन वाजायला लागला आणि थांबेचना. नातेवाइकांच्या ग्रुपवर दादाने माझं चित्र टाकलं होतं. पण त्यात सारस दोन होते. त्याने माझाच सारस उचलून मधोमध आणला होता आणि त्याचीच नक्कल उलटी करून समोर चिकटवली होती. चोचीला चोच. वर सोनेरी अक्षरांत माझं नाव, कोंढ्याच्या मुलाचं नाव, साक्षगंधाची तारीख. खाली अभिनंदनाचा पाऊस, हात जोडलेले, गुलाबाची फुलं. दोघंही सारस धावत असल्यामुळे एकमेकांच्या अंगावर चालून गेल्यासारखे दिसत होते. ते मात्र कुणालाच दिसलं नाही.

"बापा!" मामी म्हणाली. "आमाले सांगतलं बी नाई!"

मला तरी कुणी सांगितलं होतं?

लाखांदूरला, मग भंडाऱ्याला बस बदलत मी घरी आले. बाबा ओट्यावरच बसले होते. इतकं खुश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. म्हणाले, "बेटा, आपल्या हातानं पत्रिका काढली तू. तुह्या आईनं दाखवली तवा भरून आलं मले. म्हटलं, पोरीच्या मनात आहे, आता काई इचाराचं राह्यलं नाई."

तेव्हा मला समजलं. माझा नकार बाबांपर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्या जागी आईने माझं चित्र नेऊन दिलं होतं, माझा होकार म्हणून.

"बाबा, मले पुण्याले जायचं आहे," मी म्हटलं. त्यांच्याशी असं थेट मी पहिल्यांदाच बोलत होते. बाबांनी सवयीने आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"लाजून राह्यली ते," आई म्हणाली. "जाईन म्हणे पुण्याले, नवऱ्यासंगं."

बाबा मोठ्याने हसले. मी ओरडले, "आई खोटं बोलून राह्यली!" तसं हसू थांबलं. बाबा तिला म्हणाले, खरं काय ते सांग. आई रडायला लागली. दादाने फोन पुढे केला. कोंढ्याच्या मंडळींनी पत्रिका आपल्या सगळ्या गोतावळ्यात पाठवली होती. बाबा किती तरी वेळ त्या फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पोरगा वाईट आहे का?"

पोरगा वाईट नव्हता. मी नाही म्हटलं. त्या एका नाहीवर माझं लग्न झालं.

बाबांवरचा राग फार टिकला नाही. ते फसलेच होते. दादाला तर आपण काय केलं हे आजही कळलेलं नाही. पण आई? आई आडवी आली असती, ओरडली असती, टॅब फोडला असता, तर मी भांडले असते. ती माझ्या बाजूला बसली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. साखर भरवणारा हातही तिचाच होता.

तिने कारण एकदाच सांगितलं, मी न विचारता. "पुण्याले गेली असती तं तू आमची राह्यली नसती. कोंढा काय, मनात आलं का गाडीत बसून येता येते."

ते खरं आहे. नवरा अडवत नाही, बसही मिळते. मी सणावाराला जाते, जेवते, बाबांशी गप्पा मारते. बाबा आता मला सगळं थेट विचारतात. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचं काम मला मिळतं, ते सोबत नेते. मागच्या दिवाळीत मी खोलीत काढत बसले होते, तर आई शेजारी येऊन टेकली. मी टॅब पालथा ठेवला.

"आता काई काढत नाई का?" तिने विचारलं.

"काढते ना."

"मंग मले दाखवत काहून नाई?"

"तुले दाखवलं होतं एकडाव," मी म्हटलं.

ती चहा ठेवायला उठली. ती आत गेल्यावर मी टॅब सरळ केला.