शेवभाजीला डॉक्टरांची परवानगी

अकरावीत असताना माझ्या गालांवर मुरूम आले आणि आमच्या घरात शेवभाजी बंद झाली. आईचं म्हणणं, तिखट-तेलकटानं अंगात उष्णता वाढते आणि ती तोंडावर फुटते. माझ्या एकटीसाठी वेगळं रांधायला तिला वेळ नव्हता, म्हणून पथ्य सगळ्या घराला. म्हणजे मला, तिला आणि वडिलांना. वडिलांना मी नाना म्हणते.

दुधी, दोडका, मुगाची खिचडी, परत दुधी. नानांनी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी ताटाकडे बघत ते म्हणाले, "पुटकुळ्या तिना तोंडवर, नि पथ्य माले?"

"तुमचं बघून ती मागते," आई म्हणाली आणि त्यांना अजून थोडा दुधी वाढला.

तोवर मी हळद, मुलतानी माती, टूथपेस्ट सगळं लावून पाहिलं होतं. टूथपेस्टनं गाल भाजला, तेवढंच. नानांना म्हणे माझे हाल बघवेनात. शनिवारी शेतातली कामं टाकून ते मला भडगावहून एसटीनं जळगावला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दहावीच्या पेपरालाही ते कधी सोडायला आले नव्हते.

डॉक्टरबाईंनी भिंगातून गाल पाहिले. "फोडतेस?"

"कधीकधी."

"रोज फोडते," नाना म्हणाले.

बाईंनी रात्री लावायचा मलम लिहून दिला. चेहरा दिवसातून दोनदाच धुवायचा, नख लावायचं नाही. मी उठले. नाना उठेनात.

"मॅडम, शेवभाजीचं काय?"

"खाऊ दे की तिला. तिखटानं मुरूम येत नाहीत."

"तेवढं लिहून द्या."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं. पण त्यांनी मलमाच्या नावाखाली खरंच लिहिलं : शेवभाजी चालेल.

"शिक्का पण मारा," नाना म्हणाले.

घरी आईनं कागद दोनदा वाचला. मग नानांना विचारलं, "यात तुमचं नाव कुठंय?"

त्या संध्याकाळी शेवभाजी फक्त माझ्या ताटात आली. मी निम्मी नानांच्या वाटीत ओतली. आईनं पाहिलं आणि त्यांना भाकरी वाढली.

मुरूम जायला पुढं चार महिने लागले. आधी गालांची सालपटं निघाली, मैत्रिणींनी विचारून विचारून भंडावलं. उजव्या गालावर दोन बारीक खड्डे राहिलेत, नख लावलेल्या जागीच.