बटाट्याच्या शेतातला बुर्ज

मी आयुष्यात एकाच शेताचं वाटोळं केलं, आणि तेही दुबईत, अल मनखूलमधल्या माझ्या स्वयंपाकघरात, चहा पीत बसून. शेत होतं इंडोनेशियात, डोंगराच्या माथ्यावरच्या एका गावात. मी तिथे कधी गेलेले नाही. तिथल्या लोकांना मात्र मी चांगली माहीत आहे, आणि ते मला फार मानतात. हेच तर दुखणं आहे.

शेत आमच्या आंटीचं होतं. आंटी म्हणजे आमच्या घरी राहून घर सांभाळणारी बाई. मुलीने पहिल्या दिवशी तिला आंटी म्हटलं, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. पंधरा वर्षं आखातात काढल्यामुळे तिचं हिंदी माझ्या सासूबाईंपेक्षा बरं होतं. एसी अठरावर ठेवला की आम्ही चादरी गुंडाळून बसायचो आणि ती बाह्या वर सारून पोळ्या लाटायची. "थोडा थोडा गाँव जैसा लगता है, मॅडम," म्हणायची. तिच्या गावात काही महिने पहाटे बटाट्याच्या पानांवर बर्फ धरतो आणि उभं पीक एका रात्रीत काळं पडतं. हे ती इतक्या कौतुकाने सांगायची, की मला वाटायचं, हिचं जळलेलं पीकसुद्धा आमच्या सुपरमार्केटमधल्या बटाट्यापेक्षा चांगलं असणार.

पंधरा वर्षांच्या कमाईतून तिने रस्त्याला लागून एक तुकडा घेतला होता. भाऊ कसत होता. व्हिसा संपायला तीन महिने उरले होते. मग घरी जायचं, पुढची लावणी आपल्या हाताने करायची, असं ठरलेलं होतं. बियाण्याचे बटाटेसुद्धा भावाने वेगळे काढून ठेवले होते. तिला जन्मात दुसरं काही नको होतं.

आणि मग गावाला टॉवर हवासा वाटू लागला.

झालं असं, की शेजारच्या गावाने डोंगराच्या कडेला पत्त्यांतल्यासारखा लाकडाचा मोठा बदाम उभारला. त्यात बसून फोटो काढायला शहरातली जोडपी गाड्या भरभरून येऊ लागली. त्याच्या पलीकडच्या गावाने माणूस मावेल एवढं पक्ष्याचं घरटं केलं. आंटीचं गाव मागे राहिलं. तिथे नुसते बटाटे आणि कोबी. एकच पीक घेऊन घेऊन माती दमलेली, तरुण पोरं शहरात नाहीतर आखातात. गावाचं पुढे काय, यावर बैठक बसली आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं, आपण दुबईचा बुर्ज उभारू, बांबूचा. आपलं माणूस दुबईतच आहे, मापं तीच सांगेल. आणि नजारा सगळ्यात सुंदर कुठून दिसतो? तिच्याच शेतातून.

बैठक तिच्याशिवाय होऊ शकत नव्हती. त्या गावात बहुमत वगैरे भानगड नाही, सगळ्यांनी हो म्हटलं तरच होतं. म्हणून दर शनिवारी, नमाज उरकून ते लोक चटयांवर बसले की, आमच्याकडे दुपारी साडेचारला, आंटीचा फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला असायचा. व्हॉट्सॲप कॉल इथे बंद, म्हणून इथे चालणाऱ्या दुसऱ्याच ॲपवर चाळीस घरांची माणसं दिसायची, त्यातले निम्मे नुसतेच गुडघे. एकदा गावप्रमुखाने विचारलं, वरून कसं दिसतं? आंटी माझ्याकडे बघू लागली. आम्ही वर गेलो होतो तेव्हा ती खाली मॉलमध्ये आमच्या पिशव्या सांभाळत बसली होती. तिचं तिकीट काढायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. मी पटकन फोनमध्ये डोकं घालून सांगितलं, "सब छोटा छोटा दिखता है." तिने ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि सगळ्या गुडघ्यांनी माना डोलावल्या.

"अगं, नाही म्हणून टाक ना! तुझ्या एकटीच्या नाहीवर सगळं थांबतं," मी चिडून म्हणायची.

"ऐसे नहीं बोलते, मॅडम," ती म्हणायची. तोंडावर नाही म्हणायची तिथे पद्धतच नाही. दर शनिवारी टॉवरचा विषय निघाला की ती गोड हसायची आणि म्हणायची, "अच्छा है. देखते हैं." फोन ठेवला की ओट्यावरचा कांदा असा चिरायची, की मी लांब उभी राहायची.

चौथ्या शनिवारी मला राहवेना. एखादं काम होऊ द्यायचं नसेल तर काय करावं, हे आम्हा लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. ठाण्याच्या आमच्या सोसायटीत टाकीच्या गळतीसाठी समिती नेमली होती. टाकी अजून गळते आहे आणि समिती अजून आहे. इथल्या मंडळात मी स्वतः पडदा समितीवर आहे. नाटकासाठी नवा पडदा घ्यायचा, इतकंच काम. तीन वर्षांत आमचं लेटरहेड झालं, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, दोघींचं बोलणं बंद झालं. पडदा जुनाच आहे.

"त्यांना सांग," मी विजयी आवाजात म्हटलं, "कमिटी नेमा. पहले कमिटी, बाद में टॉवर."

"मम्मा, डोन्ट इंटरफिअर," मुलगी आतून ओरडली. मी तिला अभ्यास करायला सांगितलं.

आंटीने सांगितलं. फोनवर सगळे एकदम आनंदाने बोलू लागले. समिती! एकमत! समितीत कोण? गावप्रमुख म्हणाला, सगळेच. चाळीसच्या चाळीस घरं. मी आंटीकडे बघून डोळा मारला. आमच्या पडदा समितीत पाचच जणी आहेत, तरी ही दशा. चाळीस घरं म्हणजे हा टॉवर माझ्या नातवंडांच्या हयातीतही होत नाही. आंटी बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. त्या दिवशी तिने बटाटेवडे केले.

मला एकच गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्याकडे समिती नेमली की सगळा गाव फावडी, कोयते, भाताची पातेली घेऊन जमतो आणि काम करूनच टाकतो. कोणी कोणाची वाट बघत नाही. त्यासाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्दसुद्धा आहे म्हणे. आपल्याकडे नाही.

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा बायकांनी शेत उपटून टाकलं होतं. लिंबाएवढे बटाटे, पण एकही वाया घालवला नव्हता, तिच्याच घरी नीट पोत्यांत भरून ठेवले होते. दुपारपर्यंत बांबू उभे राहिले. वर चढलेले पुरुष फोनकडे तोंड करून विचारत होते, असाच आहे ना? आणि ही बाई, जिच्या वाफ्यांवर तो उभा होता, पोळपाट बाजूला सारून, डोळे बारीक करून बघत होती.

"ऊपर थोड़ा और पतला," ती म्हणाली.

त्यांनी पतला केला. संध्याकाळी गावप्रमुखाने माझे खास आभार मानले. समितीची कल्पना मॅडमची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी दोन्ही हात जोडले. दुसरं काय करणार?

नंतर मी तिची माफी मागितली. अगदी मनापासून, रडूसुद्धा आलं. आणि डोळे पुसता पुसताच एक विचार शिरला. लाज वाटते, पण शिरला. माझं ऑफिस लांब, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला, नवरा आठवडाभर फुजैऱ्याला, मुलगी दहा वर्षांची. तीन महिन्यांनी काय करायचं, या चिंतेने मला झोप नव्हती. आता शेतच नाही, तर ही घाई कशाला करेल?

"आंटी," मी नाक पुसत म्हटलं, "अब खेत तो नहीं है. दो साल और रुकोगी?"

ती गोड हसली.

"अच्छा है, मॅडम. देखते हैं."

ते हसू मी चार शनिवार बघितलं होतं. त्याचा अर्थ मला नीट कळत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी टायपिंग सेंटरमध्ये थांबले आणि तिच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरून आले.